आपण म्हणजे कोण?

धुलाईच्या कारखान्यात तिला सगळे मॅडम म्हणायचे. पगार सगळ्यांत कमी, काम सगळ्यांत घाण, आणि नाव काय, तर मॅडम! त्याचं असं झालं, की पहिल्या दिवशी ती कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केस चापूनचोपून बांधून, खांद्याला पर्स लावून आली आणि आत शिरताच विचारलं, "माझं टेबल कुठलं?" बिचारीला वाटलं होतं, कामाला लागायचं म्हणजे कुठेतरी टेबल-खुर्ची असणारच. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एक म्हणाली, "या ना मॅडम, हे काय तुमचं टेबल," आणि तिला निवडणीच्या टेबलापाशी नेऊन उभं केलं. ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच.

निवडणी काय असते ते सांगायला हवं, नाहीतर गंमत कळायची नाही. शहरातल्या दवाखान्यांतून आणि हॉटेलांतून मळलेल्या कपड्यांची पोती यायची. ती यंत्रात टाकण्याआधी कोणीतरी हातानं उपसावी लागतात. चादरी एकीकडे, टॉवेल एकीकडे, उशांचे अभ्रे एकीकडे, आणि चादरींच्या गुंडाळ्यांत जे काय अडकून येतं ते पिंपात. काय काय यायचं, विचारू नका. रक्त यायचं, पण त्यातल्या त्यात रक्त सोज्ज्वळच म्हणायचं. कवळ्या यायच्या, अर्धवट खाल्लेला पाव यायचा, एकदा तर कापलेल्या नखांची पुडी आली, कोणी जपून ठेवली होती देव जाणे. पहिल्या दिवशी तासाभरातच मॅडम भिंतीला धरून ओकली. तेव्हा सुपरवायझर आला. तो निवडणीच्या टेबलाजवळ कधी यायचा नाही, लांब दाराशी उभा राहायचा, तोंडावर मास्क आणि वर पुन्हा रुमाल. तिथूनच त्यानं मान हलवली आणि मायेनं म्हणाला, "होतं असं सुरुवातीला. आपण सवय करून घेऊ."

आपण! म्हणजे तो दाराशी आणि ही पिंपाशी, दोघं मिळून सवय करून घेणार होते!

आता खरं सांगायचं तर घाणीची सवय तिला आठ-पंधरा दिवसांत झाली. माणूस आजारी पडलं की घाण होणारच, त्यात कोणाचा काय दोष. ती दोन हातमोजे एकावर एक चढवायची, नाकाखाली बाम चोळायची आणि भराभरा हात चालवायची. पण त्या 'आपण'ची सवय काही होईना. तो शब्द कानावर पडला की तिला जी शिसारी यायची, तशी कुठल्या पोत्यानं आली नाही.

त्याचं कारण जुनं होतं. लग्नाआधीपासून ती एका चष्म्याच्या दुकानात होती. छान काम. काचेची कपाटं, आरसे, गार हवा, येणारी माणसं स्वतःचं तोंड बघण्यात दंग. मुलगी झाली तेव्हा नवरा म्हणाला, "आपण असं करू, नोकरी सोडून देऊ. मुलीला वेळ देऊ." आपण नोकरी सोडली. कोणी सोडली? हिनं. नवरा दुसऱ्या दिवशी सकाळी टाय लावून नेहमीसारखा कामावर गेला. मग आपण घर घेऊ झालं, आपण दोघांच्या नावावर कर्ज काढू झालं, आणि मुलगी पाचवीत गेल्यावर एका संध्याकाळी तो जेवणाच्या टेबलाशी बसून म्हणाला, "आपण आता थोडं लांब राहून बघू." आपण लांब राहिलो, म्हणजे तो शहराच्या दुसऱ्या टोकाला एका बाईच्या घरी राहायला गेला, आणि ही जिथे होती तिथेच राहिली. अख्ख्या संसारात त्या माणसानं 'मी' हा शब्द कधी वापरला नाही, इतका निःस्वार्थी!

घर म्हणजे काही बंगला नव्हता. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्याला लागून एक कोंदट अडगळीची जागा होती, ती तिनं स्वतः घासून, रंगवून मुलीची खोली केली होती. त्या खोलीत पलंग घातला की दार पुरतं उघडायचं नाही, आडवं होऊन आत शिरावं लागायचं. मुलीला त्याचा कोण अभिमान! मैत्रिणींना सांगायची, माझ्या खोलीत जाड माणूस येऊच शकत नाही. खिडकीतून शाळा दिसायची, घंटा झाली की निघायचं आणि तरी वेळेवर पोचायचं.

दोन वर्षं नवऱ्यानं हप्त्याचा आपला निम्मा वाटा भरला. मग त्याच्या नव्या घरात कुरकुर सुरू झाली असावी. त्यानं फोन करून सांगितलं, एक तर कर्जातून माझं नाव काढ आणि सगळं तुझ्या नावावर घे, नाहीतर घर विकू आणि मोकळे होऊ. "शांतपणे विचार कर," म्हणाला, "आपल्याला भांडायचं नाहीये."

तिनं चष्म्याच्या दुकानांचे उंबरे झिजवले. सगळीकडे एकच प्रश्न, मधली बारा वर्षं काय करत होता? एवढं मूल वाढवलं हे काही कोणाला काम वाटेना. शेवटी धुलाईच्या कारखान्यात कोणी काही विचारलं नाही. तिथे हात दोन आहेत की नाहीत एवढंच बघत.

मग ती कर्ज देणाऱ्या कंपनीत गेली. काचेचं दार, मऊ खुर्च्या, कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड. कर्जवाला तरुण होता, तिच्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. केस चकचकीत, आवाज असा की साखरेच्या पाकातून नुकताच काढलाय. "बसा ताई. पाणी घेणार? आपण अजिबात टेन्शन घ्यायचं नाही. आपण मार्ग काढू." तिनं सगळं सांगितलं. तो मान डोलवत ऐकत होता, मधेच "अरेरे" म्हणत होता. मग म्हणाला, "होऊन जाईल. आपण मुदत लांबवू म्हणजे हप्ता हलका होईल. आपण तुमचा पगार दाखवू. आणि फाइल उघडायची फी असते, ती आपण आजच भरून टाकू, म्हणजे काम सुरू होईल."

मॅडमला भरून आलं. किती दिवसांत कोणी तिच्यासाठी काही भरून टाकलं नव्हतं. ती उठली, हात जोडले, म्हणाली, "फार उपकार झाले तुमचे. मी पगार झाला की तुम्हाला परत करीन."

कर्जवाल्याचं तोंड उघडं राहिलं. "काय परत कराल?"

"फी. तुम्ही भरताय ना?"

"नाही नाही ताई, आपण म्हणजे... तुम्ही."

शेजारच्या टेबलावरची मुलगी खाली वाकून ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधायला लागली. तिचे खांदे हलत होते. मॅडमचे कान लाल झाले. तिनं पर्स उघडली आणि घरखर्चाच्या पैशातून फी मोजून टेबलावर ठेवली. कर्जवाल्यानं हसू दाबत पावती दिली आणि म्हणाला, "आपण असंच हसत राहायचं."

दुसऱ्या दिवशी तिनं ही गोष्ट मावशीला सांगितली. मावशी म्हणजे इस्त्रीच्या रुळावरची म्हातारी, तोंडाची फटकळ. ओली चादर एका टोकाला ही धरायची, दुसऱ्या टोकाला ती, आणि दोघी मिळून ती तापल्या रुळात सारायच्या. निवडणीचं काम संपलं की मॅडम तिच्या मदतीला जायची. मावशी इतकी हसली की चादर तिरकी गेली.

"अगं वेडे, कोणी आपण आपण करायला लागलं ना, की आधी आपले खिसे चाचपायचे."

"पण मला खरंच वाटलं गं मावशी."

"वाटणारच. शब्दच तसा लबाड आहे. ऐकणाऱ्याला वाटतं आपल्याला पंगतीत घेतलं. घेतात पण, फक्त वाढपी म्हणून."

घरी मात्र त्या शब्दाचा खेळ झाला. मुलगी तेरा वर्षांची, नकला करण्यात पटाईत. रात्रीची जेवणं झाली की ती खुर्चीत मागे रेलायची आणि कर्जवाल्याच्या पाकातल्या आवाजात म्हणायची, "ताई, आपण आता भांडी घासून टाकू." मॅडम ओला हात तिच्या तोंडावर झटकायची आणि म्हणायची, "आपण पाठीत धपाटा खाऊ." हसून हसून दोघींची मुरकुंडी वळायची. दिवसभरातलं एवढंच हसू.

कर्जवाल्याला पक्की नोकरी हवी होती. सुपरवायझर म्हणाला, आपण पुढच्या महिन्यात पक्कं करू. पुढच्या महिन्यात म्हणाला, आपण जरा रविवारी येऊ, म्हणजे वरच्यांना दिसेल. मॅडम रविवारी गेली. सुपरवायझरचा रविवार अर्थातच त्याच्या घरी. मग म्हणाला, आपण कॉलऱ्याच्या वॉर्डाची पोती घेऊ, बाकीच्या बायका नाही म्हणतात. मॅडमनं तीही घेतली. त्या दिवसांत तिला जेवण जायचं नाही, घरी आल्यावर साबण लावलेले हात पुन्हा पुन्हा हुंगायची आणि पुन्हा साबण लावायची. मुलगी जवळ आली तर म्हणायची, थांब, आधी अंघोळ करू दे. आणि असं नाक मुठीत धरून एकदाचं ते पक्केपणाचं पत्र मिळालं. देताना सुपरवायझर म्हणाला, "बघा, आपण करून दाखवलं की नाही?" तिला वाटलं, याचा तो रुमाल ओढावा आणि याला एकदा पिंपात वाकून बघायला लावावं. पण ती "थँक्यू सर" म्हणाली. म्हणावं लागतं.

पत्र घेऊन ती कर्जवाल्याकडे गेली. त्यानं आकडे घातले, ओठ चावले, पुन्हा घातले.

"थोडक्यासाठी अडतंय ताई."

"कशानं?"

"तुमच्यावर अवलंबून एक माणूस आहे ना. मुलगी. तिचा खर्च आमचा कॉम्प्युटर पगारातून वजा करतो. मग उरलेल्यात हप्ता बसत नाही."

"पण मी तो हप्ता भरतेच आहे की! गेले चार महिने एकटीच भरतेय. आणि हे घर गेलं तर एवढ्यात भाड्यानं एक खोलीसुद्धा मिळत नाही. भाडं हप्त्यापेक्षा जास्त आहे."

"ते बरोबर आहे ताई. पण भाडं परवडतं की नाही ते आम्ही बघत नाही."

काय बोलणार याला? हप्ता परवडत नाही म्हणून त्याहून जास्त भाडं भरा, असं हसतमुखानं सांगणारा माणूस समोर बसलाय, मागे प्लास्टिकच्या झाडाला कोणीतरी पाणी घातलंय, ते खालच्या बशीत साचून कुजलंय. तिला त्या पाण्याचा वास आला. कारखान्यातल्या वासांत निदान खोटेपणा नव्हता.

कर्जवाला पुढे झुकला. आवाज आणखी गोड झाला. "आपण एक करू शकतो. कागदावर मुलगी तिच्या वडिलांकडे राहते असं दाखवू. त्यांनी एक सही करायची, तुम्ही एक सही करायची. एक माणूस कमी झालं की हप्ता बसतो. मी स्वतः असं कितीतरी ताईंचं करून दिलंय. फक्त कागदावर हो! मुलगी आहे तिथेच राहणार."

"एक माणूस कमी झालं की," मॅडम म्हणाली.

"कागदावर," तो म्हणाला.

तिला शिसारी आली. पण ती उठून गेली नाही. घर वाचत होतं ना! जिच्यासाठी घर वाचवायचं तिलाच त्यातून खोडायचं, हा प्रकार किळसवाणा होता हे तिला तिथे बसल्या बसल्या कळत होतं, आणि तरी ती म्हणाली, "मी त्यांना विचारते."

नवऱ्याला विचारायला वेळ लागला नाही. एका चहाच्या दुकानात तो आला, उभ्या उभ्या कागद वाचला आणि खिशातून स्वतःचं पेन काढलं. एरवी मुलीच्या शाळेच्या सहलीच्या परवानगीवर सही करायला त्याला तीनदा आठवण करावी लागायची. सही ठोकून झाल्यावर म्हणाला, "मग आता तिच्यासाठी मी जे थोडंफार पाठवतो, ते पाठवायचं काही कारण उरत नाही. म्हणजे कागदावर ती माझ्याकडेच आहे, तर मी तुला पैसे कसे पाठवणार? नाही का?"

"थोडंफार हे बरोबर बोललास," ती म्हणाली.

"चिडू नकोस गं. आपल्या सगळ्यांच्याच सोयीचं आहे."

चहा तसाच ठेवून ती निघाली. चहाचे पैसेही तिनंच दिले, कारण तो आधीच फोनवर बोलत बाहेर पडला होता.

त्या संध्याकाळी मुलीला सांगायचं होतं. मॅडमनं अंडी उकडली, मुलीला आवडतो तसा भात परतला, आणि मुलगी जेवायला लागल्यावर म्हणाली, "हे बघ, घराचं काम होतंय. फक्त एक छोटी गोष्ट आहे. आपण असं दाखवायचं, की तू बाबांकडे राहतेस. नुसतं कागदावर. कोणी विचारायला आलं, तर आपण सांगायचं, की तू सुट्टीत इथे येतेस."

मुलगी चावायची थांबली.

"आपण म्हणजे कोण?"

"अगं, आपण म्हणजे..."

"तू तर इथेच राहतेस ना? तू काहीच दाखवायचं नाहीयेस. मग आपण नाही, मी. मी इथे राहत नाही."

तिचा आवाज चढला नव्हता. गणित चुकलंय असं सांगावं तसं ती सांगत होती. इतके दिवस ज्या शब्दाला ती थुंकत होती, तो तिच्या तोंडातून किती मऊ, किती सहज निघाला होता! अगदी तसाच, पाकात घोळून. तिला स्वतःची इतकी घाण वाटली की ती उठून मोरीत जाऊन तोंड धुऊन आली. परत आली तेव्हा मुलगी जेवत होती.

"बरं," मुलगी म्हणाली. "करू. घर जाण्यापेक्षा बरं."

"तुला नको असेल तर..."

"नको कसं? मग कुठे राहायचं? मला जमेल आई. तू नको काळजी करूस."

खरं म्हणजे इथेच मॅडमनं तो कागद फाडायला हवा होता. नाही फाडला. तिनं सही केली, कर्जवाल्याला नेऊन दिला, आणि तो म्हणाला की आता एक माणूस घर बघायला येईल, आपण घाबरायचं नाही. त्या आठवड्यात दोघींनी घर आवरलं. आवरलं कसलं, मुलीला घरातून पुसून काढलं. तिचे कपडे मॅडमच्या कपाटात मागे गेले. वह्या-पुस्तकं मॅडमच्या पलंगाखाली खोक्यात गेली. भिंतीवरची चित्रं मुलीनं स्वतःच उतरवली, रंग निघू नये म्हणून नखानं हळूहळू. त्या अरुंद खोलीतला पलंग बाहेर काढून तिथे इस्त्रीचं टेबल आणि एक बादली ठेवली, पुन्हा अडगळ दिसावी म्हणून. मुलगी हे सगळं इतक्या मन लावून करत होती की मॅडमला बघवेना. "आई, माझा दात घासायचा ब्रश?" तिनं आठवण केली. "पाहुण्यांचा ब्रश बाहेर नसतो. पिशवीत असतो."

तपासणीवाला सांगितलेल्या वेळेच्या आधीच आला. मॅडम स्वयंपाकघरात होती, हात पिठात. दार मुलीनं उघडलं. म्हातारा माणूस होता, जिन्यानं धाप लागलेली, खांद्याला जुनी चामड्याची बॅग. स्वयंपाकघराच्या दाराआडून मॅडमला सगळं ऐकू येत होतं.

"आई घरात आहे का बाळ? मी कर्जाच्या कंपनीकडून आलोय."

"आहे ना. बसा हं आजोबा. आपण आधी पाणी घेऊ, मग बोलू."

मॅडमचे हात पिठात थांबले.

"हुशार आहेस. तू इथेच राहतेस?"

"नाही हो! मी बाबांकडे राहते. इथे पाहुणी आलेय. सुट्टी लागली की येते आईला भेटायला. आईला बरं वाटतं."

तो आवाज! नक्कल नव्हती ती. खुर्चीत रेलून, डोळे मिचकावून करायची ती रात्रीची मस्करी नव्हती. हा खराखुरा गोड आवाज होता, धंद्याचा. त्यात एक अडखळणं नव्हतं, एक आवंढा नव्हता. तेरा वर्षांची पोर स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर उभी राहून मी इथली नाही म्हणून सांगत होती, वर हसून, वर पाणी देऊन. शेवटचं ते 'आईला बरं वाटतं' तर कोणी शिकवलंही नव्हतं. ते तिनं मनानं घातलं होतं, खोटं खरं वाटावं म्हणून. मॅडमला जी किळस आली तिला तोड नाही. कॉलऱ्याच्या पोत्यांनीसुद्धा तशी आली नव्हती.

ती पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"खोटं आहे ते," म्हणाली. "ही माझी मुलगी. इथेच राहते. जन्मल्यापासून माझ्याजवळच राहते."

मुलगी तिच्याकडे बघतच राहिली. म्हाताऱ्यानं पाण्याचा घोट गिळला आणि पेला सावकाश खाली ठेवला. त्यानं कागद काढून चष्म्याशी धरला, पुन्हा मॅडमकडे पाहिलं.

"इथे तर एकच माणूस लिहिलंय."

"चुकीचं लिहिलंय. मीच सही केलीय."

म्हातारा माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "बाई, मला फक्त घर उभं आहे की नाही ते बघायचं असतं, आणि या चौकटीत एक आकडा भरायचा असतो. माझे कान आता तितकेसे राहिले नाहीत. जिना चढल्यावर तर काहीच ऐकू येत नाही. तुम्ही आत जा, हात धुऊन या. मी पोरीला पुन्हा विचारतो."

"आई, जा," मुलगी दात आवळून म्हणाली.

मॅडम जागची हलली नाही. ती तिथे उभी होती आणि तिला पूर्ण कळत होतं की आत गेलं तर घर आपलं आहे. हात धुवायचे, नळ थोडा वेळ सोडून ठेवायचा, एवढंच काम. पिठाचे हात पुढे धरून ती म्हणाली, "दोन लिहा."

"नीट विचार करा हं. हा कागद गेला की कर्ज होणार नाही."

"माहीत आहे मला. दोन लिहा."

त्यानं दोन लिहिलं. खोल्यांचे फोटो काढले, अडगळीच्या खोलीत डोकावला, इस्त्रीच्या टेबलामागे भिंतीवर चित्रांचे फिकट चौकोन राहिले होते तिकडे पाहिलं आणि जिना उतरून गेला.

दार लागल्याबरोबर मुलगी फुटली. "मी किती नीट बोलले होते! एकदाही चुकले नव्हते! तू कशाला आलीस बाहेर? तुला कळतं का काही? आता आपण कुठे जायचं?" ती पाय आपटत होती, रडत होती, आईला दोन्ही हातांनी ढकलत होती. मॅडमनं तिला ढकलू दिलं. तिला धरताना मुलीच्या शर्टवर पिठाचे हात उमटले, ते कोणी पुसले नाहीत. या वेळी त्या 'आपण'मध्ये खरोखर दोघी होत्या, पण तेव्हा तिकडे लक्ष द्यायला कोणाला सवड होती!

कर्ज झालं नाही. कर्जवाल्यानं फोनवर सांगितलं, "आम्ही तुमचा अर्ज मंजूर करू शकत नाही." आम्ही! नाही म्हणायचं असलं की त्याच्या 'आपण'चं बरोबर 'आम्ही' व्हायचं. फीचं काय, तर ती परत मिळत नसते. कारखान्यात तिनं मावशीला सगळं सांगितलं. रुळावर चादर सारता सारता मावशी म्हणाली, "माझ्या घराच्या मागे एक खोली आहे. ओल आहे भिंतीला. बघून जा." मॅडम बघून आली. ओल खरंच होती, छतापर्यंत. भाडं मावशीनं कमी सांगितलं तरी हप्त्याच्या जवळ जाणारंच होतं.

घर विकायला काढल्याची बातमी लागल्यावर नवऱ्याचा फोन आला. ती तेव्हा भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत होती. मुलगी शेजारीच बसून कपबशा देत होती. तो फोनवर ओरडत होता, इतका की मुलीलाही ऐकू जात होतं. चांगलं जुळलेलं काम होतं, सगळ्यांनी सह्या केल्या होत्या, आता बाजारात घाईनं विकायचं म्हणजे त्याचंही नुकसान, आणि हे सगळं कशासाठी?

"एवढं एक खोटं जमलं नाही तुला?" तो म्हणाला. "एक साधं खोटं?"

"मला जमलं होतं," मॅडम म्हणाली. "मी सही केली होती. पण मग तिलाही जमलं. तुझ्यापेक्षा छान जमलं."

आणि तिनं फोन ठेवला.